परवाचा डोंगर

अनंतगिरीचा डोंगर मी आधी धुतला, मग पाहिला.

कित्येक वर्षं तो माझ्याकडे कपड्यांवरून यायचा. लेकरांच्या गुडघ्यांवर, फ्रॉकच्या घेरावर, ह्यांच्या पायजम्याच्या खालच्या कडेला लाल माती. आमच्या शेतातली माती काळी. ती वाळली की झटकली जाते. डोंगरावरची तशी नाही. बादलीतलं पाणी एकदा तांबडं व्हायचं, पुन्हा व्हायचं, आणि शेवटचं पिळतानाही हाताला रंग लागायचा. मोज्यांत कुसळं घुसलेली असायची. ती उपटताना मी अंदाज बांधायची, इथे गवत उंच असणार, इथे लेकरं बसून घसरत खाली आली असणार. डोंगर कसा आहे ते मला असंच कळत गेलं.

हे, म्हणजे लेकरांचे बाबा, जीपमधून उतरले की मी विचारायची, "कसा होता डोंगर?"

"आहे जागेवर," हे म्हणायचे. "तुझी वाट बघलालाय."

हे मी कुणाला वाचायला म्हणून लिहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती आणि तिकडे मुली जात नव्हत्या. बोलायला मला जमत नाही, लिहायला जमतं, एवढंच. लेकरं हैदराबादकडच्या इंग्रजी शाळेत शिकली. मुलाला मराठी बोलता येतं, पण वाचताना तो अक्षराला अक्षर जोडत बसतो आणि अर्ध्यात सोडून देतो. मुलगी म्हणते, आई, तुझं अक्षर मला तेलुगूसारखं दिसतं. सुनेला वाचता येतं, ती पुण्याची आहे, पण ती दुसऱ्याचं उघडून बघणाऱ्यांतली नाही. म्हणून निर्धास्त लिहिते.

माझ्या सासऱ्यांचा हैदराबादच्या गौलीगुड्यात टांगा होता. टांगे बंद पडले तेव्हा त्यांनी घोड्या लग्नाच्या वरातींना द्यायला सुरुवात केली. नवरदेव बसतो त्या पांढऱ्या घोड्या. शहर दाटत गेलं, गल्लीत घोडी वळवायला जागा उरेना, तेव्हा शंकरपल्लीच्या पुढे शेताचा तुकडा घेऊन तिथे तबेला बांधला. मी लग्न होऊन आले ती थेट तिथेच. अर्ध्या रानात ज्वारी, अर्ध्यात घोड्यांसाठी लसूणघास. सकाळी उठून लीद काढायची, खरारा करायचा, तोबऱ्यांत हरभरा भरायचा, आणि मग माणसांचा चहा. गावातल्या बाया मला गुर्राल अम्मा म्हणायच्या, घोड्यांची आई. चार लोक समोर आले की माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासूनच. घोड्यांशी मात्र मी दिवसभर बोलायची. काय बोलायची ते विचारू नका. भाजीत मीठ जास्त पडलं इथपासून सगळं.

लग्नसराईत हे घरात असून नसल्यासारखे. उन्हं कलली की घोड्या सजवून टेम्पोत चढवायच्या. वरात कधी नामपल्लीला, कधी त्याहून लांब. हे परत यायचे तेव्हा लेकरं झोपलेली, आणि लेकरं शाळेला निघायची तेव्हा हे झोपलेले. शाळेत कुणी मुलीला विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर ती म्हणाली, झोपतात. त्यावरून हे फार हसले होते.

म्हणून तेलुगू लोकांचं मूढम लागलं की आमच्या घरात सण असायचा. आपण शुक्राचा अस्त म्हणतो तेच मूढम. त्या दिवसांत लग्नाचे मुहूर्त नसतात. आषाढातही नसतात. घोड्या रिकाम्या, हे रिकामे. मग ह्यांचं ठरलेलं, लेकरांना घेऊन डोंगरावर जायचं. वर्षभर बाप म्हणून जे काही राहून गेलं असेल, ते त्या एका दिवसात भरून काढायचं.

पण घोड्या रिकाम्या असल्या तरी त्यांना कुलूप लावून जाता येत नाही. घोड्याला उलटी होत नाही. पोटात काही अडकलं की ते आतच राहतं. घोडी आडवी पडते, वेदनेनं लोळते, आणि लोळताना आतडं पिळलं गेलं तर संपलं. अशा वेळी तिला उठवून चालवत राहावं लागतं, आणि ओळखीच्या हाताशिवाय ती उठत नाही. म्हणून कुणीतरी थांबायचं. कुणीतरी म्हणजे मी. ते कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वर्षी मुलगी अंगावर पीत होती म्हणून मी थांबले, आणि मग थांबतच गेले.

त्यातून थोरली घोडी माझ्याच हातची. ती शिंगरू असताना तिची आई गेली. मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली. ती दुसऱ्या कुणाला तोंडात औषध घालू द्यायची नाही. हे तिला सासूबाई म्हणायचे. माझ्या खऱ्या सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. हे म्हणायचे, सुनेवर डोळा ठेवायला घरात कुणीतरी पाहिजे की.

"विचार तुझ्या सासूला," डबा हातात घेताना हे म्हणायचे, "सोडते का आजच्या दिवस."

"तुम्ही जा."

"खरंच जाऊ?"

मी मान हलवायची.

डब्यात दुधात मळलेल्या दशम्या असायच्या, शेंगदाण्याची चटणी, एखादा कांदा. संध्याकाळी डबा परत यायचा तेव्हा त्यात अर्धी दशमी उरलेली असायची. नेहमी अर्धीच. मला वाटायचं, माझा अंदाज चुकतो, जास्त होतात. पुढच्या वेळी मी कमी करायची, तरी अर्धी परत यायची. ती मी थोरलीला घालायची. ती दोन घासांत संपवायची आणि माझ्या पदराला तोंड पुसायची.

जेवायला बसलं की हे डोंगराचं सांगायचे. "देवळाकडे सगळी गर्दी. पण मागच्या अंगाला एक दगड आहे. सपाट, तव्यासारखा. तिथं कुणी येत नाही. तुला आवडेल." काही वर्षांनी त्या दगडावरची जागासुद्धा ठरली. "डाव्या हाताला जरा खोलगट आहे. पाठ टेकता येते. वर झाडाची सावली. ती तुझी." मुलगा तक्रार करायचा, "आई, बाबा आम्हाला तिथं बसूच देत नाहीत. अख्खा दगड मोकळा आणि आम्ही मुंग्यांत." मी हसायची आणि वाढत राहायची. दगडाला कुणाचं नाव असतं का, असं मनात यायचं. पण भांडी घासताना मी त्या खोलगट जागेत बसलेली असायची.

"कधी न्यायचं मला?" मी एकदाच विचारलं होतं.

"परवा," हे म्हणाले.

हा परवा आमच्या घरात फार मोठा होता. हैदराबादचे लोक परसों म्हणतात ते बहुतेक मागचंच, आणि त्यांच्या परसोंला मागे कुठे शेवट नाही. आमचा म्हातारा नालबंद म्हणायचा, "परसोंच तो नाल मारा था, अम्मा," आणि मधे अख्खा पावसाळा गेलेला असायचा. त्याच्या दखनीतला तो 'च' आपलाच, 'नक्को'ही आपलंच. ऐकलं की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. आपला परवा मात्र परसोंहून अवघड. तो मागेही असतो आणि पुढेही. परवा गेलो म्हटलं की झालेलं, परवा जाऊ म्हटलं की व्हायचं. शब्द तोच. हे गौलीगुड्यात वाढलेले, त्यांनी दोन्हीकडचं उचललं होतं. ह्यांचा परवा पुढच्या बाजूलाही कितीही लांब जायचा.

एकदा मात्र मी निघाले होते.

मुलगी तेव्हा लहानच होती, मुलाला नुकतं मिसरूड फुटायला लागलं होतं. गवत कापायला येणारी बाई विश्वासाची होती. तिला दिवसभर थांबायला सांगितलं, काय झालं तर काय करायचं ते दोनदा समजावलं. मी हिरवी साडी नेसले. जीपमध्ये पुढे बसले. मुलगी मागून सारखी माझ्या खांद्याला हात लावून बघत होती, मी खरंच आहे का. विकाराबाद जवळ आलं तेव्हा समोर एक निळसर रेघ दिसायला लागली. मला ढग वाटला.

"ते बघ," हे म्हणाले. "आला तुझा डोंगर."

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला आणि ह्यांनी तो माझ्या कानाला लावला, कारण पलीकडून ती बाई मलाच मागत होती. "अम्मा, पेद्द गुर्रम लेस्त लेदु." मोठी घोडी उठत नाहीये.

ह्यांनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली.

"मी जातो," हे म्हणाले. "तू लेकरांना घेऊन वर जा. बसेस आहेत. कुणालाही विचार."

"मी? कुणाला विचारू?"

"मग सगळेच फिरू परत."

मागे मुलगी रडायला लागली होती, आवाज न करता. मुलगा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सासूबाईला आजच पोट दुखायचं होतं." ह्यांना हसू आलं, मलाही आलं. हसताना मी दार उघडून खाली उतरले.

"ती तुम्हाला औषध घालू द्यायची नाही," मी म्हणाले. "तुम्ही जा."

"खरंच जाऊ?"

मी मान हलवली.

शेअर ऑटोनं, मग चालत, मी शेतावर पोचले. थोरली तबेल्याबाहेर पडली होती, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत. मी तिच्या कुशीला कान लावला. घोड्याचं पोट नेहमी गुरगुरत असतं, लांब कुठेतरी गाडी चालल्यासारखं. ते बंद होतं. मी तिला बोलून बोलून उठवलं, औषध पाजलं आणि दोर धरून रानाच्या कडेकडेनं चालवत राहिले. ती थांबायची, गुडघे टेकायला बघायची, मी दोर ओढायची. उन्हं उतरली तरी चालतच होतो. शेवटी ती थांबली, शेपूट उचलली आणि लीद टाकली. मी तिथंच ढेकळांत बसले आणि खूप रडले. घोडी वाचली म्हणून की डोंगर गेला म्हणून, ते मी तेव्हा निवडत बसले नाही. हिरव्या साडीवर डाग पडले ते काळ्या मातीचे. झटकले की गेले.

त्या दिवशीही डब्यात अर्धी दशमी परत आली.

त्यानंतर कधी तसं जुळून आलं नाही. लेकरं मोठी झाली. डोंगरापेक्षा त्यांना मित्रमैत्रिणी बऱ्या वाटायला लागल्या, आणि ते बरोबरच होतं. काही वर्षं हे एकटेच जाऊन यायचे. मी म्हणायची, एकट्यानं काय करता तिथं? हे म्हणायचे, दगडाला तुझा निरोप देतो. मुलगी लग्न होऊन लांब गेली. मुलाला कंपनीत नोकरी लागली. नवरदेव घोडीऐवजी उघड्या मोटारीतून यायला लागले. जे घोडी मागायचे तेसुद्धा फक्त फोटोपुरती मागायचे, फंक्शन हॉलच्या फाटकापासून दारापर्यंत. आमच्या शेताभोवती भिंती उभ्या राहिल्या, भिंतींच्या आत बंगले. लसूणघासात उभं राहिलं की कुणाच्यातरी स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकू यायचा. थोरली म्हातारी होऊन गेली. एका सकाळी तोबरा तसाच राहिला, तिनं माझ्या खांद्यावर मान ठेवली आणि हळूच खाली बसली. ह्यांनी तिला रानातच पुरलं. "सासूबाई गेल्या," हे म्हणाले, आणि ह्या वेळी त्यांनी चेष्टा केलेली नव्हती.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात हे खरारा करता करता खाली पडले. झटका होता. डावा पाय आणि हात अशक्त झाले, ते हळूहळू थोडे सुधारले. पण दुसरं काहीतरी सुरू झालं. आधी लगाम कुठे ठेवला ते विसरायचे, मग घोडीला खायला घातलं का ते, मग शेजारच्या माणसाचं नाव. डॉक्टरांनी मुलाला इंग्रजीत बराच वेळ समजावलं. बाहेर आल्यावर मुलगा मला म्हणाला, "आई, बाबांचं आता असंच कमी कमी होत जाणार." एवढंच म्हणाला आणि पाण्याची बाटली शोधायला लागला.

घोड्या द्याव्या लागल्या. वरातींच्याच धंद्यातल्या एका भल्या माणसानं त्या घेतल्या. जायच्या आधी नालबंदाला बोलावून खूर नीट करून घेतले. धाकट्या घोडीचा खूर मांडीवर घेऊन तो म्हणाला, "इसको परसोंच तो पैला नाल मारा था मैं." धाकटी तेव्हा पोक्त झाली होती. हे खुर्चीवर बसून बघत होते. "हौ," हे म्हणाले, "परसोंच." दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. टेम्पो गेल्यावर मी तबेला झाडला. कुणी येणार नव्हतं, तरी झाडला.

मुलगा आम्हाला हैदराबादेत विद्यानगरला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तिसरा मजला. इथे सकाळी उठून मला करायला काही नसतं. पहिले काही दिवस मी अंधारात उठून बसायची आणि कान द्यायची. खाली स्कूटर सुरू व्हायच्या.

ह्या फ्लॅटमध्येच एक दिवस हे खिडकीशी बसून मला म्हणाले, "परवा गेलो होतो ना आपण डोंगरावर. किती छान वारा होता."

सून तिथेच भाजी निवडत होती. तिला वाटलं, आम्ही खरंच कुठे जाऊन आलो. "परवा म्हणजे कोणता परवा, बाबा? मी ऑफिसला होते तेव्हा?"

"परवा गं. ही होती की माझ्याबरोबर. हिरव्या साडीत. दगडावर बसली होती, तिच्या जागेवर. उठायलाच तयार नव्हती."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "हो," मी म्हणाले. "गेलो होतो परवा."

त्या दिवसापासून आम्ही पुष्कळदा गेलो. चहा पिताना हे मला तिथं घेऊन जायचे. माझ्या पदरावर फुलपाखरू कसं बसलं ते सांगायचे. मी दशमीबरोबर चटणी कमी आणली म्हणून रागवायचे. मी म्हणायची, पुढच्या वेळी जास्त आणीन. इतकी वर्षं पुढे असलेला परवा आपला आपण मागे गेला होता, आणि मध्ये जायचं तेवढं राहून गेलं होतं. पण ह्यांच्या लेखी तर मी जाऊन आले होते. मला ते पुरे होतं. कधी कधी मलाही वाऱ्याची आठवण व्हायची.

मुलाला मात्र ते सहन होईना. सुनेनं त्याला सांगितलं असावं. एका आषाढातल्या रविवारी तो म्हणाला, "आई, आता घोड्या नाहीत. आता काय कारण आहे? चल, सगळे जाऊ. आजच."

मी पहाटेच दशम्या केल्या. हिरवी साडी कधीच विरली होती, तिच्यासारखी दुसरी नेसले. गाडीत मुलगा आणि सून पुढे, आम्ही दोघं मागे. हे खूष होते. रस्त्यात दिसेल त्या गुराला हात करत होते. विकाराबादजवळ ती निळी रेघ दिसली तेव्हा मी फोनकडे बघितलं. तो वाजला नाही.

देवळापाशी खरंच गर्दी होती. हे काठी टेकत, मुलाच्या हाताला धरून, मागच्या वाटेनं असे निघाले की मुलाला रस्ता दाखवावा लागला नाही. स्वतःच्या फ्लॅटमधलं न्हाणीघर ह्यांना सापडत नाही. दगड सापडला. सपाट, तव्यासारखा. डावीकडे खोलगट, वर झाड. सगळं जसं सांगितलं होतं तसं. खाली झाडंच झाडं, ओली, आणि त्यांच्यावरून धुकं हळूहळू सरकत होतं. मी त्या खोलगट जागेत बसले आणि पाठ टेकली. दगड माझ्या पाठीला बरोबर बसला. कुणीतरी माप घेऊन केल्यासारखा.

मुलगा आणि सून गाडीत राहिलेलं पाणी आणायला गेले. दगडावर आम्ही दोघंच. मी डबा उघडला आणि ह्यांच्या पुढे ठेवला. ह्यांनी एक दशमी घेतली, मधोमध मोडली. अर्धी खायला लागले, अर्धी डब्याच्या झाकणावर ठेवून दिली. मला वाटलं, ती माझ्यासाठी. मी हात पुढे केला.

"ओ बाई," हे म्हणाले, "ते राहू द्या. डब्यातली घ्या की."

मी हात मागे घेतला. ह्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, परक्या बाईकडे बघतात तसं, अदबीनं, जरा लांबून.

"कुणाचं आहे ते?" मी विचारलं. माझा आवाज मलाच कुणा दुसरीचा वाटला.

"आमच्या मंडळींचं. त्या आल्या नाहीत. मागं घोड्यांपाशी थांबल्यात."

"का नाही आल्या?"

"घोडीला सोडून निघत नाही ती. आणि बोलत पण नाही फार." हे दशमी चावत राहिले. "मी म्हणतो चल, तर म्हणते तुम्ही जा. आता खरंच जा म्हणते, का जाऊ नका म्हणते, मला आजपर्यंत कळलं नाही."

"मग विचारायचं ना."

"विचारतो की. मान हलवते. घोडीसारखी." हे हसले. "घोडीचं कळतं मला. हिचं नाही कळत."

खालून कुणाच्यातरी पोरांचा आरडाओरडा आला आणि बंद झाला. मला म्हणायचं होतं, जाऊ नका असंच म्हणत होते मी, दर वेळी. नाहीतर मला घेऊन जा. म्हणायचं होतं आणि जीभ टाळूला चिकटली होती, ह्यांच्यासमोर, जशी परक्यांसमोर चिकटते.

"परवा आणणार आहे तिला," हे म्हणाले. "तिची जागा धरून ठेवलीय इथं. लेकरांनाही बसू देत नाही." मग ह्यांना काहीतरी आठवलं आणि ते ओशाळल्यासारखे झाले. "बाई, राग मानू नका. तुम्ही बसलाव ना, ती तिचीच जागा आहे. जरा सरकता का?"

मी सरकले.

मुंग्या होत्या तिकडच्या बाजूला. मुलगा खरं सांगत होता. ह्यांनी ती अर्धी दशमी झाकणासकट उचलली आणि त्या खोलगट जागेत नेऊन ठेवली, वर फडकं घातलं. मग हे निवांत झाले. आम्ही दोघं त्या जागेच्या दोन बाजूंना बसून राहिलो आणि धुकं बघत राहिलो. मागे मुलगा पाण्याची बाटली घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

परत येताना हे गाडीत झोपले. मुलगा आरशातून माझ्याकडे बघत होता.

"ते नेहमीच असं करायचे, आई," तो म्हणाला. "अर्धी बाजूला ठेवायचे. म्हणायचे, हा आईचा वाटा. आम्हाला वाटायचं तुला माहीत आहे."

"मला वाटायचं, माझ्या जास्त होतात," मी म्हणाले.

सुनेनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

घरी आल्यावर मी ह्यांचा पायजमा आणि माझी साडी बादलीत भिजत घातली. पाणी तांबडं झालं. ह्या वेळी त्यात माझ्याही साडीची माती होती, पण दोन्हींतली कुठली कुणाची ते पाण्यात कळत नव्हतं. हात पुसून बाहेर आले तर हे पलंगावर उठून बसले होते, डबा मांडीवर घेऊन. मला बघताच ह्यांचा चेहरा उजळला. ओळखलं होतं मला.

"आलीस का? झालं का घोड्यांचं?"

"झालं."

"सासूबाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत." मी पलंगाच्या कडेला बसले आणि दर वेळी विचारायची तसं विचारलं, "कसा होता डोंगर?"

"आहे जागेवर." ह्यांनी फडक्यातली अर्धी दशमी काढून माझ्या हातावर ठेवली. "एक बाई येऊन बसली होती तुझ्या जागेवर. बरी होती बिचारी. पण उठवलं मी तिला."

इतकी वर्षं ही अर्धी घोडीनं खाल्ली होती. आता घोडी नव्हती. मी ती ह्यांच्यासमोरच खाल्ली, सगळी. वाळली होती. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, आवडली का म्हणून. मी मान हलवली.